पाच बिया

फार जुन्या काळी, रानाला कुंपण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तेव्हा, भुरी नावाची एक खार होती. तिच्या रानातल्या सगळ्याच खारी बिया पुरून ठेवायच्या आणि निम्म्या जागा हमखास विसरायच्या.

एकदा समुद्रापलीकडून करकोचा आला. "तुमच्या कच्च्या बिया मला द्या, त्याबदली हे भाजलेले दाणे घ्या," तो म्हणाला. दाणे असे खमंग, की भुरीने झाडावर एक बी ठेवली नाही. इतरांनीही तेच केलं.

वर्षं सरली. म्हातारी झाडं वादळात पडली, नवी उगवलीच नाहीत. खारी अजूनही पुरायच्या आणि विसरायच्या, पण भाजलेल्या दाण्याला कोंब कुठून फुटणार? देण्यासारखं काही उरलं नाही, तसा करकोचा दुसऱ्या रानाकडे वळला. खारी झाडांच्या साली कुरतडून दिवस काढू लागल्या.

शेवटच्या झाडाखाली म्हाताऱ्या भुरीला पाच बिया सापडल्या. तिने त्या पाच ठिकाणी पुरल्या.

"आजी, कुठे पुरल्यास गं?" भुकेल्या नातीने विचारलं.

भुरीला पाचही जागा लख्ख आठवत होत्या. तिने नातीला शेपटीखाली घेतलं.

"विसरले गं, बाळा."