परभणीहून आणलेली रेड

"पण दुकान चांगलं आहे, हे तू कशावरून ठरवलंस?"

तात्यांनी विचारलं आणि इंद्रजित हसला. या प्रश्नाची तो सकाळपासून वाट पाहत होता.

तात्या गायखे दिंडोरीजवळच्या एका लहानशा वायनरीत चाखणीचं काम करत. चाळीस द्राक्षबागायतदारांनी मिळून ती काढलेली. कुणाची टाकी बाटल्यांत भरायची आणि कुणाची ओतून द्यायची, हे तात्या ठरवत. त्यांच्या शब्दावर तिथे कुणी बोलत नसे. आता त्यांना थांबायचं होतं.

त्यांची जागा इंद्रजित बर्वेला हवी होती. सत्तावीस वर्षांचा, फ्रान्समध्ये शिकून आलेला. चांगली वाईन म्हणजे श्रीमंतांची चैन, या समजुतीचा त्याला संताप होता. ती साध्या माणसाच्या जेवणाच्या ताटाशेजारी आली पाहिजे, असं तो भेटेल त्याला सांगे.

तात्यांनी त्याची प्रमाणपत्रं उघडूनही पाहिली नाहीत. तुझं कुणी ओळखीचं नसेल अशा गावाला जा, एवढंच म्हणाले. तिथल्या शाळामास्तराला परवडेल अशी एक चांगली रेड वाईन शोध आणि घेऊन ये. ती चांगली निघाली तर जागा तुझी.

इंद्रजित परभणीला गेला. भर मे महिन्यात, आठ दिवस.

आता तो सांगत होता. परभणीत त्याने अकरा दुकानं पाहिली. अकराही पाट्यांवर मोठ्या अक्षरांत 'वाईन शॉप', आणि बहुतेकांच्या आत वाईन सोडून सगळं. एका ठिकाणी वाईन मागितली तर जाळीतून रमची क्वार्टर पुढे आली. नाही, वाईन, असं त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा दुकानदाराने मागे बघून कुणाला तरी विचारलं, यांना नक्की काय पाहिजे? दुसरीकडे एकुलती एक रेड पश्चिमेच्या काचेत सजवून ठेवलेली, रोज चार तास उन्हात. तिसरीकडे ती बिअरच्या फ्रीजमध्ये तळाला, बर्फासारखी.

"दहावं दुकान बरं निघालं," इंद्रजित म्हणाला. "एसी. बाटल्या आडव्या ठेवलेल्या. उजेड कमी. त्यावरून ठरवलं."

तिथे त्याने सहा रेड घेतल्या, लॉजवर एकेक चाखली आणि त्यातली एक निवडली. आपल्याच भागातली, साडेचारशेची. पिकल्या जांभळाचा वास, मागून मिरी. तीच पुन्हा एक घेऊन तो आला होता.

"आणि अकरावं?"

"ते सोडा. गंमत होती."

"सांग."

अकरावं दुकान भाजी मंडईच्या मागे होतं. जाळीमागे एक म्हातारा बसलेला. फळीवर रेडची एकच बाटली. इंद्रजितने बोट दाखवलं, तर म्हातारा म्हणाला, ही नका नेऊ साहेब, उन्हानं गेलीय. मग ठेवलीय कशाला, असं इंद्रजितने विचारलं. कंपनीची गाडी आली की परत द्यायची आहे, म्हातारा म्हणाला. दोन दिवसांनी या, नवा खोका येतोय.

"दारू विकायला बसलाय आणि गिऱ्हाइकाला परत पाठवतोय." इंद्रजित हसला.

तात्या हसले नाहीत.

"दोन दिवसांनी गेला होतास?"

"नाही. मला दहाव्यात मिळाली होती ना."

"त्याचं नाव काय?"

"नाही विचारलं."

 तात्यांनी बाटली जवळ घेतली. गळ्याचा कागद कापला. बुचावरून अंगठा फिरवला. बूच किंचित वर आलेलं. अंगठा तिथे क्षणभर थांबला...

मग बूच काढून त्यांनी दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. आपला ग्लास उचलून नाकाशी धरला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसून राहिले.

इंद्रजित खुर्चीत पुढे सरकला.

"कशी आहे, तात्या?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे?"

"मला वास येत नाही."

इंद्रजितला वाटलं, सर्दी झाली असेल. तसं तो म्हणालाही.

"सर्दी नाही रे. ताप आला होता. अकरा वर्षं झाली. त्या तापात नाक गेलं, ते गेलंच. पाणी आणि वाईन, मला सारखंच."

 याच अकरा वर्षांत या वायनरीचं नाव झालं होतं. तात्यांनी पसंत केलेल्या बाटल्यांवर इंद्रजित शिकला होता. फ्रान्सला जाताना त्यांतली एक तो बॅगेत कपड्यांत गुंडाळून घेऊन गेला होता.

"लोकांना माहीत आहे?"

"कुणी विचारलं नाही."

"तात्या, ही फसवणूक आहे." त्याचा आवाज चढला. "चाळीस घरं तुमच्या नाकावर चालतात. अकरा वर्षं तुम्ही नुसतं नाटक करत होता?"

"हो."

"मग ठरवायचात कसं?"

"टाकीतून ग्लास भरायचा. नाकाशी धरायचा. आणि ज्याची द्राक्षं, त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याला आधीच ठाऊक असतं."

"आणि?"

"यंदा माझी नको, तात्या, असं काही जण आपणहून सांगतात. काहींना ते सांगवत नाही. ते सांगेपर्यंत मी ग्लास खाली ठेवत नाही."

इंद्रजित उठून उभा राहिला.  हे आजच सगळ्यांना सांगायचं, या विचाराने तो दारापर्यंत गेलाही.

"जा, सांग," तात्या म्हणाले. "मीही सांगणारच आहे. पण तुझं काम अर्धं राहिलंय. ही चाख आणि कशी आहे सांग. तू म्हणशील ते मी लिहून देतो. तुझं नाक शाबूत आहे."

इंद्रजित परत फिरला. रागानेच ग्लास उचलला आणि नाकाशी नेला.

आणि थांबला.

जांभूळ नव्हतं. मिरी नव्हती. शिजवलेल्या मनुकांचा जड वास होता, आणि मागे काहीतरी जळकं. त्याने एक घोट घेतला. वाईन मेली होती.

त्याला आठवली ती बस. बॅग डिकीत टाकली होती. परभणी ते नाशिक, नऊ तास, मे महिन्याचं ऊन, तापलेला पत्रा. बाटली चांगलीच होती. बाटलीचा दोष नव्हता, दुकानाचा नव्हता. त्याने स्वतःच ती उकळून आणली होती.

त्याने समोर पाहिलं. तात्यांनी कागद पुढे ओढला होता. पेनाचं टोपण काढलं होतं.

या खोलीत हा वास फक्त एकाच माणसाला येत होता. आणि त्या माणसाने नुसतं "छान" म्हटलं, तर चाळीस बागांची वाईन उद्यापासून त्याच्या हातात होती. खोटं तरी किती? परभणीतली बाटली छानच होती. तो त्या जागेवर आला, तर सगळं नीट करणार होता. काचेतल्या बाटल्या, फ्रीजमधल्या बाटल्या, मास्तरांच्या ताटाशेजारची रेड. सगळं.

तात्यांनी आपला ग्लास पुन्हा नाकाशी धरला होता. ते इंद्रजितच्या तोंडाकडे बघत होते.

"लिहू?"

...

"लिहू का, इंद्रजित?"

 इंद्रजितने आपला ग्लास खाली ठेवला, आणि मग हात पुढे करून तात्यांचा ग्लासही त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ही नको, तात्या. गेलीय. बसच्या डिकीत टाकून आणली मी."

तात्यांनी पेनाचं टोपण लावलं. खुर्चीत मागे टेकले. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास आत घेतला.

"अकरा वर्षांनी," ते म्हणाले, "आज काहीतरी वास आला बघ."