दोन द्रोण अळंबी

“…नाव झाकलं की लोक मला लबाड समजतात, उघडं ठेवलं की दारात येऊन उभे राहतात. मग बाबा, मी करू तरी काय?”

दादूशा फकीर सुपारी कातरत होता. त्याने मान वर केली नाही.

मृणालिनी खोराटे त्याच्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, ओट्यावर बसली होती खरी, पण कधीही उठून जाईल, अशी. गडहिंग्लजच्या कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. पुढे रानभाज्या आणि अळंब्यांची वेबसाइट काढली. कुठली खायची, कुठली विषारी, सगळं फोटोंसकट. इंटरनेटवर कुणी त्यातलं काही शोधलं की तिचंच पान सगळ्यांत वर यायचं. हे ती चारचौघांत आवर्जून सांगायची.

वेबसाइटचं नाव नोंदवताना मालकाचा पत्ता द्यावा लागतो. तिचा पत्ता कुणालाही दिसत होता. एका औषधवाल्याची मुळी तिने विषारी ठरवली, तर तो माणूस तोच पत्ता शोधून घरी आला. दारावर लाथा घातल्या. घरात म्हातारी आई एकटी होती.

त्याच संध्याकाळी मृणालिनीने नोंदीवर पडदा टाकून घेतला. नोंदणी करणारी कंपनी तशी सोय देते. मालकाच्या जागी दुसरंच नाव दिसतं. त्याच भरात तिने पानांवरचं आपलं नावही पुसून टाकलं.

आता तिचं पान घसरत घसरत कुठच्या कुठे गेलं होतं.

“वेबसाइटवाल्यांतला एक जण म्हणतो, पडदा काढा, लपलेल्या मालकावर शोधयंत्राचा भरवसा बसत नाही. दुसरा म्हणतो, पडद्याचा काही संबंधच नाही. बाबा, भरवसा बसतो तरी कशानं?”

“चहा घेणार?”

“बाबा, मी भरवशाचं विचारतेय…”

अडकित्ता वाजत राहिला.

तिने फोन काढला. आपलं पान शोधलं. खाली, अजून खाली. फोन पालथा ठेवला. लगेच पुन्हा उचलला.

तेवढ्यात एक बाई ओट्याशी आली. हातात पानांचे दोन द्रोण, दोन्हींत पांढरी अळंबी.

“बाबा, ह्ये खायाचं हाय का बघा की. मी दुष्काळी माणातली, आमच्याकडं असलं उगवत न्हाई. सासू हुती तवर ती बघायची.”

फकिराने मृणालिनीकडे बोट केलं. “हिला इचार. हिचं सगळं शिक्षान त्यातच झालंय.”

मृणालिनीने फोनवरून नजर काढून द्रोणांकडे टाकली आणि परत फोनकडे नेली.

“खायचीच आहेत. दोन्ही चांगली.”

फकिराने अडकित्ता खाली ठेवला. दुसऱ्या द्रोणातलं एक अळंबं उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

“तर मग हे तू शिजवून खा. हितंच. चूल हाय माझी.”

“हो, खाईन की…”

तिने ते हातात घेतलं. उलटं केलं. देठाला कडं होतं, बुडाला फाटकी वाटी.

फोन मांडीवरून खाली घसरला. तिने तो उचलला नाही.

बाई तिच्या तोंडाकडे बघत होती. “तुमी खाल्लंया का ह्ये कधी?”

“नाही.”

बाईने द्रोणावरचा हात मागे घेतला.

“नाही खाल्लेलं. मी नीट बघितलंच नव्हतं. हे टाकून द्या, हात धुवा. देठाला कडं आणि बुडाला वाटी, म्हणजे विषारी असणार.”

“आन ही?” बाईने पहिला द्रोण पुढे केला.

मृणालिनी ओट्यावरून उतरली. उकिडवी बसून तिने एकेक अळंबं उलटंपालटं केलं, वास घेतला, देठाचं लांब मूळ बोटाने चाचपलं.

“वारुळावर मिळाली?”

“व्हय.”

“ही दर वर्षी खाते मी. आई करते आमची. खा.”

बाईने दुसरा द्रोण बांधाच्या पार पलीकडे उधळला, रांजणाच्या पाण्याने हात धुतले, पहिला द्रोण पदराखाली घेतला आणि वाटेला लागली.

“नावही विचारलं नाही तिनं माझं,” मृणालिनी म्हणाली.

“हं.”

मग तिने खाली पडलेला फोन घेतला आणि पानामागून पान उघडत गेली. जे स्वतः खाल्लं होतं तिथे तसं लिहिलं. जे फक्त पुस्तकात पाहिलं होतं तिथे तसं. ज्यांची खात्री नव्हती ती दोन पानं काढूनच टाकली. प्रत्येकाखाली आपलं नाव घातलं, सरळ, पूर्ण. नोंदीवरच्या पडद्यापाशी मात्र तिचं बोट थांबलं. आई आठवली. तो तिने तसाच राहू दिला.

ऊन ओट्यावर चढलं होतं. तिचा अंगठा पुन्हा शोधायला लागला. एकदा… परत एकदा…

“नाव घातलं, बाबा. घराचा पत्ता झाकलेलाच ठेवला. आता येईल ना माझं पान वर?”

फकीर बाई गेली त्या वळणाकडे बघत होता.

“तुझ्या शब्दावर तिनं आता चूल पेटवली असंल,” तो म्हणाला.