बासष्ट जोड्या

२३ एप्रिल १९६८. आभाळ भरलेलं. उकाडा फार, वारा अजिबात नाही.

“कशावरून नर?” धोंडीबुवांनी विचारलं.

त्र्यंबक याच प्रश्नाची वाट पाहत होता. टेकडीवरच्या या मठात तो तीन वर्षं बुवांच्या हाताखाली साप धरायला शिकत होता. शेलारांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात आज धरलेला नाग नर की मादी हे बरोबर ओळखलं, की खुंटीवरची साप धरायची लोखंडी आकडी त्याला मिळणार होती. मग कुणाच्या घरात साप निघाला, की एकट्यानं जायचं.

“शेपटीवरून, बुवा. पोटाखालचं मलछिद्र संपलं, की मादीची शेपूट एकदम बारीक होते. याची जाड आहे, लांब आहे. खाली खवल्यांच्या बासष्ट जोड्या. दोनदा मोजल्या. शेलारांना सांगा, खुराड्यात अंडी शोधत बसू नका.”

“गावातले डोळ्यांवरून ओळखतात.”

“ओळखू द्या! म्हणे नागिणीची नजर मऊ असते. जवळ जाऊन पाहिली कुणी?”

बुवा हसले नाहीत.

“मोजताना धरलास कसा?”

“तुम्ही शिकवलंत तसाच. तोंड मडक्यात, शेपूट बाहेर, मडक्यावर ओलं फडकं.”

“बांधलं होतंस?”

“तेव्हा… नुसतं टाकलं होतं. शेपटीला दोन्ही हात लागतात ना. मोजून झाल्यावर बांधलं.”

“मोजताना काही जाणवलं?”

“नाही. कोपराला जरा गार लागत होतं. फडक्याचं टोक असेल.”

बुवा उठले. त्र्यंबकच्या उजव्या कोपरावर त्यांनी अलगद एक बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

“इथं?”

“हो.”

“एवढंच वजन?”

“हो… एवढंच…”

त्र्यंबकनं मान वळवून मडक्याकडं पाहिलं. फडकं आता घट्ट बांधलेलं होतं. त्याचं कुठलंच टोक सुटं नव्हतं. आत काहीतरी सरकलं, मग थांबलं.

“मी उंबऱ्यावर बसलो होतो,” बुवा म्हणाले. “फडक्याखालून वर आला. इथं हनुवटी टेकली. तुझं होईपर्यंत हलला नाही. मग आपणहून आत गेला.”

“पहिल्यांदा मोजताना, की दुसऱ्यांदा?”

“दोन्ही वेळा.”

त्र्यंबकनं कोपर दुसऱ्या हातानं झाकून घेतलं.

“आणि तुम्ही गप्प बसलात, बुवा? एक हाक तरी मारायची!”

“हाक तू ऐकली असतीस, दचकला असतास. त्याला फक्त तुझं हलणं कळलं असतं.”



शेलारांकडं निरोप गेला, नर आहे. निरोप बरोबर होता. बुवांनी आकडी खुंटीवरून काढली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि नाग सोडायला मडकं उचललं. त्र्यंबकला ती आकडी पुढं दोन वर्षं मिळाली नाही.

बुवा उंबरा ओलांडत होते, तेव्हा त्यानं मागून विचारलं, “मग तो चावला का नाही?”

बुवा थांबले. मडकं त्यांनी छातीशी नीट धरलं.

“तू त्याला पाहत होतास, तो तुला. त्याचं अजून पाहून झालं नव्हतं.”