अकरावी गोळी

"मग चूक माझी आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

पद्मजा चौगुलेने हे उभ्याउभ्याच विचारलं. समोर स्टूल होतं, पण ती बसली नव्हती.

दस्तगीरचाचांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या सायकलचं पुढचं चाक त्यांनी एका हाताने एक्सलला धरलं आणि दुसऱ्या हाताने फिरवलं. चाक तीन फेरे फिरलं आणि कुणीतरी मागून धरल्यासारखं थांबलं.

"चूक कुणाची ते चाक सांगत नाही," ते म्हणाले. "अडलंय, एवढंच सांगतं."

जुन्या पुलाच्या तोंडाशी दस्तगीर मुजावरांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्रा, एक फळी आणि चाळीस वर्षांचं काळं झालेलं तेल. पण पंचक्रोशीत कुणाला शर्यतीचं चाक बांधून हवं असलं की तो इथेच यायचा. पद्मजाही शाळेत असल्यापासून इथे यायची. तारा ओढायला, आऊट झालेलं चाक सरळ करायला ती इथेच शिकली. पुढे इंजिनीअरिंगला गेली, स्वतःचे पाने घेतले, किती जोराने काय आवळायचं याचे आकडे तिला पाठ झाले आणि पुलाकडे येणं बंद झालं.

आज ती दोन वर्षांनी आली होती. तीही नाइलाजाने. पाच वेळा चाकाच्या मधला हब उघडला, पाच वेळा बसवला, तरी चाक जड ते जडच. आणि शर्यत रविवारवर आली होती.

तिने सगळं सांगितलं. वाट्या पुसल्या, कोन नवे घातले, ग्रीस उत्तम प्रतीचं, एक्सल सरळ असल्याचं काचेवर ठेवून तपासलं. कुठे काडीइतकी कसर ठेवली नाही.

चाचा ऐकत राहिले.

"उघड," ते म्हणाले.

"पुन्हा? मी पाच वेळा…"

"माझ्यासमोर एकदाही नाही."

ती बसली. रागारागाने बसली, पण हात तिचे सुरेख चालत होते. नट काढला, बेअरिंगच्या गोळ्यांना वाटीत दाबून धरणारा निमुळता कोन फिरवून काढला, एक्सल उपसली. खाली फडकं होतं. त्यावर एका बाजूच्या गोळ्या ओतल्या, बाजूला दुसऱ्या बाजूच्या. चाचांनी बोटाने एकेक सरकवून मोजल्या.

अकरा. दुसऱ्या बाजूलाही अकरा.

त्यांनी दोन्हीकडची एकेक गोळी उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

पद्मजाच्या कपाळाला आठी पडली. दहा गोळ्या घातल्या की वाटीत फट राहते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. फट म्हणजे कमी आधार. म्हणून तर तिने अकरावी अंगठ्याने दाबून बसवली होती. हे सगळं तिने चाचांना शिक्षकाने विद्यार्थ्याला समजवावं तसं समजावलं.

"फट राहते," चाचांनी मान डोलावली. "गोळीला कूस बदलायला जागा नको का?"

तिने ग्रीसचा डबा पुढे ओढला. पटलं म्हणून नव्हे.

दहा-दहा गोळ्या ग्रीसमध्ये बसवून तिने कोन आवळला. हाताला जराही खडखड लागेना, तोवर आवळला. चाचांनी पाना काढून घेतला आणि कोन पाव फेरा मागे फिरवला. मग कोन एका पान्याने जागच्या जागी धरून दुसऱ्याने वरचा नट बसवला. चाक तिच्या हातात दिलं.

तिने रिम हलवून पाहिली. किंचित खडखडत होती.

"हे ढिलं आहे."

"आहे."

"अशा चाकावर मी उतारावरून साठच्या वेगाने जायचं?"

"सायकलला बसव."

तिने चाक फोर्कमध्ये घातलं आणि ते आवळणारा खटका दाबून बंद केला. पुन्हा रिम हलवली. खडखड गेली होती. खटक्याचा दाब बसला आणि ढिलाई नेमकी तेवढीच खाल्ली गेली.

तिने चाक फिरवलं, आणि दोघं बघत राहिले. पुलावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागे दुसरा गेला, तरी चाक फिरतच होतं. थांबता थांबता व्हॉल्व्हच्या वजनाने ते मागे आलं, पुढे गेलं, पाळण्यासारखं झुललं…

पद्मजाचे डोळे भरून आले. चाकासाठी नक्कीच नव्हे.

तिने पाठीवरच्या पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला.

"कळलं मला," ती म्हणाली. आवाज मात्र कळलेल्या माणसाचा नव्हता. "घट्ट राहिलं की फिरत नाही. सगळे हेच सांगतायत. बाबासुद्धा. ठीक आहे. मीही पाव फेरा मागे येते. करते सही."

चाचांनी हात पुसायला घेतलेलं फडकं खाली ठेवलं.

"मी हबबद्दल बोलत होतो."

पद्मजाने कागदावरून नजर वर केली.

"कागद कसला ते मला ठाऊक नाही. त्याचं उत्तर हबला विचारू नकोस."

मग तिने सांगितलं. गेल्या महिन्यात निवडीची शर्यत झाली. मुलींची साठ किलोमीटरची जाहीर झाली होती. सहा महिने तिने साठचाच सराव केला होता. सकाळी सगळ्या रेषेवर उभ्या राहिल्यावर सायकल संघटनेचे चिटणीस माइकवर म्हणाले की ऊन फार आहे, मुलींना झेपायचं नाही, तेव्हा तीसच. मुलांची मात्र होती तेवढीच राहिली. सूर्य दोघांना एकच होता.

तीस किलोमीटरला ती पहिली आली. आणि थांबली नाही. फीत छातीला तशीच चिकटलेली, मागून शिट्ट्या, कुणीतरी जीप घेऊन आडवं यायला बघतंय, आणि ही पुढे. वाळेकरवाडीच्या फाट्याला वळसा घालून उरलेले तीस पुरे करून परतली, तेव्हा मांडवाचे बांबू उतरवत होते. तिचं नाव निकालातून काढलं गेलं होतं.

आता संघटना म्हणत होती, झालं गेलं विसरू. आज संध्याकाळपर्यंत माफीच्या पत्रावर सही करा, रविवारी पाठीवर लावायचा नंबर घ्या.

"वाच," चाचा म्हणाले. त्यांचा चष्मा नव्हता.

तिने वाचलं. माझ्या हातून बेशिस्त वर्तन घडले. अतिउत्साहात मला शर्यत संपल्याचे भान राहिले नाही.

"भान नव्हतं?"

"होतं."

"किती?"

"प्रत्येक किलोमीटरला होतं."

पुलाखाली कुणी म्हशी धूत होतं, त्याचा तेवढा आवाज येत होता.

"मग सही करू की नको?" तिने विचारलं. या दुकानात तिने सरळ प्रश्न विचारायला आज फार उशीर केला होता.

चाचा पुढे झुकले. तिच्या पुढच्या टायरवर त्यांनी अंगठा दाबला. टायर जरासा दबला. त्यांनी कोपऱ्यातला पंप ओढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"आत ढिलाई चालते," ते म्हणाले. "रस्त्याला टेकतं ते टणक लागतं."

तिने पंप मारायला सुरुवात केली. आधी चिडून, मग एका लयीत. घाम हनुवटीवरून टपकला. पंपाचा दांडा वर ढकलायला लागला, तरी ती थांबली नाही. चाचांनी पुन्हा अंगठा लावला आणि मान हलवली, तेव्हाच तिने पंप सोडला.

मग फळीवरचं पेन घेतलं. गुडघ्यावर कागद ठेवून तिने छापलेल्या सगळ्या ओळींवर एक आडवी रेघ मारली. खाली मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"शर्यत साठ किलोमीटरची जाहीर झाली होती. मी साठ किलोमीटर पूर्ण केले."

आणि त्याखाली सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"हे वाचून ते मला नंबर देणार नाहीत," ती म्हणाली.

"नाही देणार."

"निकालातही धरणार नाहीत."

"नाहीच धरणार."

तिने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. सायकल रस्त्याकडे वळवली. एक पाय पेडलवर ठेवून ती क्षणभर थांबली.

"रविवारी मी उतरणार आहे, चाचा. नंबर असो, नसो. त्यांनी परत तीस केली, तरी मी साठच करणार."

चाचांनी तिच्या फ्रेमकडे पाहिलं. तिथे बाटलीची एकच जाळी होती… ते उठले, खिळ्याला टांगलेली एक जुनी जाळी काढून आणली आणि फ्रेमच्या दुसऱ्या नळीवर बसवू लागले.

"मग पाण्याच्या दोन बाटल्या ने."