उतारावर लावलेली गाडी

‘‘मग ती मोडीत का नाही काढत?’’

गिरीमहाराजांनी सुपातले तांदूळ निवडता निवडता अगदी सहज विचारलं. श्रीरंगला मात्र ते लागलं.

‘‘मोडीत? महाराज, माझ्या आप्पांची गाडी आहे ती. गावात आलेली पहिली चारचाकी. आतलं एक बटणसुद्धा मी बदललेलं नाही.’’

‘‘पण सुरू होत नाही म्हणालास.’’

‘‘होत नाही असं नाही. कधी होते, कधी होत नाही.’’

‘‘हां.’’ महाराजांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. ‘‘कधी होते?’’

‘‘तेच तर कळत नाही...’’

खरं तर श्रीरंग शिळीमकर आज गाडीबद्दल बोलायला आलाच नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात तो इतिहास शिकवायचा आणि दर रविवारी घाट चढून टेकडीवरच्या या मठात यायचा. आज तो अनुग्रह मागायला आला होता. महाराजांनी आपल्याला शिष्य म्हणून पदरात घ्यावं, एवढं एकच मागणं. घाटातून येताना तो ते वाक्य मनात घोळवत आला होता.

‘‘माझी तयारी झाली आहे महाराज,’’ आल्या आल्या तो म्हणाला होता.

‘‘कशावरून?’’

‘‘मला आता कुणाचा आधार लागत नाही. कशालाच नाही. अगदी माझी गाडीसुद्धा घ्या...’’

आणि महाराजांनी ती घेतली, बोलायला. तेव्हापासून बोलणं गाडीवरच अडकलं होतं.

‘‘मिस्त्रीला दाखवलीस?’’

‘‘कितीदा. गंमत अशी, की मिस्त्रीच्या दारात नेली की पहिल्या किल्लीला सुरू. तो बॉनेट उघडतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, सर, ठणठणीत आहे, उगाच काय आणता. तिथून बाहेर काढून चौकात थांबलो की पुन्हा किल्ली फिरवली तर नुसतं टक्.’’

महाराज हसले.

‘‘इथं आल्यावर तूही ठणठणीतच असतोस.’’

श्रीरंगही हसला. जरा उशिरा.

‘‘पण मी तिच्यापुढे हात टेकले नाहीत,’’ तो पुढे सरसावून म्हणाला. ‘‘मी तोड काढली. गाडी कायम उतारावर लावायची, नाक खाली करून. निघताना किल्लीला झाली सुरू तर उत्तम. नाही झाली तर हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा, गाडीनं वेग धरला की क्लच सोडायचा. धडधडत सुरू. बरोबरचे सगळे नव्या गाड्यांच्या मागे लागलेत. मी नाही लागलो. आणि महाराज, आप्पा गेल्यापासून आजतागायत मी एकाही माणसाला, जरा धक्का मारा, असं म्हटलेलं नाही.’’

हे शेवटचं वाक्य बोलताना त्याची मान आपोआप ताठ झाली. कॉलेजात, लग्नकार्यात, स्टाफरूममध्ये त्यानं ते पुष्कळांना ऐकवलं होतं. ऐकणारे माना डोलवायचे.

‘‘एकालाही नाही?’’

‘‘एकालाही नाही.’’

महाराजांनी सूप हलवलं. तांदळाची भुकटी उडाली.

‘‘घर कुठं तुझं?’’

‘‘वरच्या आळीत. घर घेताना मी खोल्या बघितल्याच नाहीत. आधी रस्त्याचा उतार बघितला.’’

‘‘आणि कॉलेजात कुठं लावतोस?’’

‘‘ग्रंथालयाच्या मागे. जरा लांब पडतं. पण उतार आहे.’’

‘‘चहा कुठं पितोस?’’

‘‘स्टँडच्या मागे एक टपरी आहे.’’

‘‘चहा बरा असतो?’’

‘‘...चहा बेकार असतो. उतार फार छान आहे.’’

पलीकडे चुलीपाशी भाकरी थापत बसलेल्या पार्वताबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, पदराला पीठ लागलं. रविवारी मठात येणारी मंडळी मिळूनच स्वयंपाक करायची आणि मिळूनच जेवायची. पार्वताबाई भाकरीच्या चुलीवर असायच्या. श्रीरंग आजवर कधी त्या पंगतीला बसला नव्हता.

त्याला वाटलं, आपला मुद्दा महाराजांच्या नीट ध्यानात आलेला नाही. मग त्यानं हुकमाचं पान काढलं.

‘‘ऐका महाराज. माझ्या ताईच्या मुलीचं उष्टावण होतं. ताई खाली नदीकाठच्या गावात राहते. तिकडचा सगळा भाग पोळपाटासारखा सपाट. मी काय केलं, गाडी खिंडीतच लावली आणि तिथून चालत निघालो. भर उन्हात. वाटेत दोन मोटारसायकलवाले थांबले, बसा म्हणाले. नाही बसलो.’’

‘‘वा. मग?’’

‘‘मग पोचलो की.’’

‘‘खीर भरवलीस भाचीला?’’

श्रीरंगनं शर्टाची बाही सारखी केली.

‘‘उष्टावणाचा पहिला घास मामाच्या हातचा,’’ महाराज म्हणाले. ‘‘मामाच्या मांडीवर बसवून. तुमच्याकडे तसंच आहे ना?’’

‘‘तसंच आहे.’’

‘‘मग?’’

‘‘पोर भुकेनं रडायला लागली होती. त्यांनी बराच वेळ वाट बघितली... शेवटी शेजारच्यांनी भरवली.’’

‘‘ताई काय म्हणाली?’’

‘‘काही नाही. मला पाणी आणून दिलं.’’

चुलीतलं लाकूड तडतडलं. पार्वताबाई तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या.

श्रीरंगनं ही हकिकत आजवर कितीतरी जणांना सांगितली होती. प्रत्येक वेळी मोटारसायकलवाल्यांपाशीच तो ती संपवायचा. पुढचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

महाराजांनी सूप खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

‘‘गाडी मागच्या मैदानात आण.’’

‘‘तिथं? तिथं सपाट आहे महाराज.’’

‘‘म्हणून तर.’’

मठाच्या मागे जत्रेचा मंडप पडायचा ते मैदान. हातभर उतार शोधून सापडला नसता. श्रीरंगनं गाडी आणली, अगदी मधोमध उभी केली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिला.

‘‘बंद कर,’’ महाराज म्हणाले.

‘‘महाराज, पण...’’

‘‘बंद कर.’’

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि मैदानात एकदम शांत झालं.

‘‘आता सुरू कर.’’

श्रीरंगनं श्वास रोखून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. पहिल्याच झटक्याला, ना नव्या नवरीसारखं लाजणं, ना अडणं. त्याची छाती फुगली. खिडकीतून त्यानं महाराजांकडे बघितलं. बघा म्हणावं.

‘‘छान,’’ महाराज म्हणाले. ‘‘बंद कर.’’

‘‘पुन्हा?’’

‘‘पुन्हा.’’

त्यानं बंद केली, किल्ली फिरवली.

टक्.

परत फिरवली. टक्. जरा थांबून, मनातल्या मनात आप्पांचं नाव घेऊन, हळुवार फिरवली. टक्.

त्यानं मान वर केली तेव्हा महाराज खिडकीपाशी नव्हते. आरशात बघतो तर ते गाडीच्या मागे. दोन्ही तळवे डिकीवर टेकवलेले, मान खाली, पाय रोवलेले. म्हातारं अंग, काटकुळे हात. गाडी तसूभर हलली नाही. महाराजांची चप्पल तेवढी मातीत घसरली.

श्रीरंग दार उघडून धावला.

‘‘महाराज, तुम्ही नका. तुम्ही हात लावू नका.’’

‘‘का?’’

‘‘मला पाप लागेल.’’

‘‘बरं.’’ महाराजांनी हात काढले. ‘‘मग कोण लावणार?’’

...

मैदानाच्या कडेला भाजी चिरत मंडळी बसली होती. विळ्या थांबल्या होत्या. सगळे इकडेच बघत होते. श्रीरंगला त्यातला प्रत्येक चेहरा ओळखीचा होता आणि नाव एकाचंही ठाऊक नव्हतं. इतक्या रविवारांत त्याचं त्यांच्याशी बोलणं नमस्काराच्या पलीकडे गेलं नव्हतं.

वर्गात त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय पोचायचा. आता तो नुसता पुटपुटला.

‘‘जरा...’’

‘‘काय म्हणता?’’ भोपळा चिरणारा गडी म्हणाला. ‘‘ऐकू नाय आलं.’’

त्याला ऐकू आलं होतं. सगळ्यांनाच आलं होतं.

श्रीरंगनं महाराजांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते, जणू त्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. पळवाट एकच होती. गाडी इथंच टाकायची, घाट पायी उतरून घर गाठायचं आणि पुढच्या रविवारी, मी चालत गेलो, असं सांगायचं. त्याला ते जमलं असतं. तसं करण्यात त्याचा हातखंडा होता.

त्याचे पाय तिथंच राहिले.

‘‘जरा धक्का... माराल का?’’

‘‘हात्तिच्या. एवढंच व्हय?’’ भोपळेवाला हात झटकत उठला. ‘‘चला रे. सरांनी तोंड उघडलं.’’

‘‘आमी म्हणायचो,’’ दुसरा म्हणाला, ‘‘हे सर गाडी कायम तोंड फिरवूनच का लावतात. पळायच्या तयारीत.’’

‘‘मी जेवायला थांबा म्हणेस्तवर ह्यांची गाडी उताराला लागलेली,’’ पार्वताबाई पिठाच्या हातांनीच आल्या. ‘‘मला वाटायचं, माझ्या हातचं चालत नसंल.’’

‘‘तसं नाही हो मावशी...’’

‘‘मग कसं?’’



‘‘बसा आत,’’ भोपळेवाला म्हणाला. ‘‘दोघांनी बी अडून बसून चालायचं नाय. गाडी बी आन् तुमी बी.’’

हशा पिकला. श्रीरंग आत बसला. त्याचे कान तापले होते. दुसरा गिअर, क्लच दाबलेला. आणि मागून धक्का आला.

उतारावरचं सरकणं त्याला पाठ होतं. ते खालून, गुपचूप येतं, कुणाला पत्ताही लागत नाही. हे वेगळं होतं. हे पाठीतून आलं. त्यात माणसांचे श्वास होते, बांगड्यांचा आवाज होता, ‘‘अरे लाव की जोर, सकाळी न्याहारी केलीस ना’’ असं कुणाचं तरी ओरडणं होतं. लहानपणी सायकल शिकताना आप्पांनी मागून धरलं होतं, तेव्हा पाठीला असंच वाटलं होतं.

त्यानं क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला, खोकली आणि धडधडत सुरू झाली.

मागे टाळ्या पडल्या. श्रीरंगनं मैदानाला वळसा घातला, मग आणखी एक घातला. का घातला ते त्याला सांगता आलं नसतं. गाडी सुरू झाल्याचा अभिमान त्याला पुष्कळदा वाटला होता. पण तो एकट्याचा असायचा, आरशात बघून मिशीवर ताव द्यावा तसा. आज मैदानाच्या कडेला उभी असलेली ती सगळी माणसं छाती काढून बघत होती. जणू गाडी त्यांची होती.

समोर मठाचं फाटक होतं. फाटकाबाहेर रस्ता आणि रस्त्याला तो नेहमीचा झकास उतार. इंजिन चालू होतं. नुसतं तिथवर नेऊन लावली की झालं.

श्रीरंगनं वळण घेतलं, गाडी मैदानाच्या मधोमध आणली आणि किल्ली फिरवून बंद केली.

‘‘अवो सर,’’ भोपळेवाल्यानं कपाळाला हात लावला. ‘‘आत्ता तर सुरू केली.’’

‘‘जेवून जाईन म्हणतो.’’

‘‘आन् मग?’’

‘‘मग पुन्हा तुम्हाला त्रास देणार.’’ तो खाली उतरला. ‘‘नाव काय तुमचं?’’

‘‘गेनू. आन् ढकलायचं जेवायच्या आधी सांगायचं असतंय. जेवल्यावर मला वाकवत नाय.’’

‘‘तुम्हाला काय जेवायच्या आधी वाकवतंय?’’ पार्वताबाई म्हणाल्या आणि पानं मांडायला गेल्या. त्यांच्या पाठोपाठ मंडळीही पांगली.

श्रीरंग गाडीच्या मागे आला.

डिकीवर हातच हात उमटले होते. पार्वताबाईंचे पिठाचे, गेनूभाऊंचे भोपळ्याच्या चिकाचे, कुणाचे हळदीचे, कुणाचे मातीचे. आणि खाली, बरेच खाली, तांदळाच्या भुकटीचे दोन बारीक पंजे.

रोज सकाळी गाडी पुसल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही. त्याचा हात आपसूक खिशात गेला, रुमाल निघाला. पुसायला वाकता वाकता त्याला आठवलं, आपण आज इथं काय मागायला आलो होतो. महाराज दोन पावलांवर उभे होते.

‘‘महाराज,’’ तो चाचरत म्हणाला, ‘‘ते माझं... अनुग्रहाचं राहिलंच.’’

महाराज पुढे आले. त्यांनी रुमालासकट त्याचं मनगट धरलं.

‘‘राहू दे. अनुग्रह असा पुसू नये.’’