मधल्या सात व्होल्टांचा रुसवा

पुष्कळ वर्षांपूर्वीची, नऊ जानेवारीची गोष्ट. ऊन स्वच्छ होतं, वारा बोचरा. उजाड डोंगरावरच्या एका पत्र्याच्या पेटीत तिघं राहत: बॅटरीआजी, छोटा संगणक आणि दोघांच्या मधे बसलेला कन्व्हर्टर. आजीकडून बारा व्होल्ट घ्यायचे आणि त्यांचे पाच करून संगणकाला द्यायचे, एवढंच कन्व्हर्टरचं काम. संगणक दर तासाला हवेची नोंद खाली गावात पाठवी आणि मग कन्व्हर्टरशी गप्पा मारी. त्या गप्पांसाठी कन्व्हर्टर तासभर वाट पाही.

त्या दुपारी संगणक म्हणाला, "आजी तुला बारा देते. मधले सात तूच गिळतोस ना?"

"नाही रे. जास्त दिले तर तू जळशील."

"सगळे कंजूष असंच बोलतात. आजी, तूच सांग."

"मला बाराच देता येतात बाबा," आजी म्हणाली. "कमी कसे करायचे ते त्यालाच ठाऊक."

"मग ऐक," संगणक कन्व्हर्टरला म्हणाला. "पाचावर अडवणारा तुझा तो स्क्रू वाऱ्याने सैल झालाच आहे. थोडा सरकू दे. नाहीतर आपलं बोलणं बंद."

आजी तर दिवसभर डुलक्याच घेई. पेटीत बोलायला दुसरं होतं कोण? वाऱ्याचा झोत आला, पेटी हादरली, स्क्रू थरथरला. कन्व्हर्टरने तो घट्ट धरून ठेवला.

पुढच्या तीन वर्षांत संगणकाने सव्वीस हजार दोनशे ऐंशी नोंदी पाठवल्या. एकही चुकली नाही. कन्व्हर्टरशी तो एकदाही बोलला नाही.