म्हशीच्या पाठीवरचा पंच

माणसाला अजून होडी ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यात पाखरांची घसरशर्यत भरायची. पाणमांजर पुढे पोहत वेल ओढायचं आणि ती वेल धरून पाखरू कमळाच्या पानावरून घसरत जायचं. सुरुवातीलाच दोन भोपळे तरंगत ठेवलेले असत. त्यांच्या मधून शिरलं तरच घसरण खरी धरायची, नाहीतर बाद.

पंच होते बगळोपंत. ते बसायचे काठाशी डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीवर, कारण तिथे गोचीड भरपूर. आता तिथून दोन्ही भोपळे एकमेकांना चिकटलेलेच दिसायचे, पण खाण्याच्या नादात पंतांना त्याचं काय!

"बाहेरून गेलीस! बाद!" ते बदकीवर ओरडले. हे सलग तिसरं वर्ष. तीनदा बाद झालेल्याला पुन्हा शर्यत नाही, असा तळ्याचा नियम होता.

बदकी रडकुंडीला आली. "पंतकाका, अगदी मधून गेले हो मी!"

"माझ्या डोळ्यांवर संशय? थांब, मधून कसं जातात ते दाखवतोच. टिटवीबाई, जरा बसा इथे."

पंत लटपटत पानावर उभे राहिले आणि गेले ते बरोब्बर मधून. दोन्ही पंखांना भोपळे घासले.

"बाहेर! बाद!" म्हशीवरून टिटवी किंचाळली.

"अहो, डोळे फुटले का तुमचे?" पंत भडकले. मग त्यांनी म्हशीकडे पाहिलं, भोपळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बदके, पुन्हा ये गं," म्हणत ते पाणमांजराच्या पाठीवर, भोपळ्यांकडे तोंड करून बसले.

"आणि माझे गोचीड?" म्हशीनं विचारलं.

"निकाल लागल्यावर!"